मदत हवी आहे: मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन मिळाला, माउथपीस कोणता घ्यावा?

मंडळी, ज्यांची मुलं अमेरिकेत हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत किंवा होती, त्यांचा सल्ला हवा आहे.

आम्ही इंडियानात राहतो. लेक सहावीपासून फ्रेंच हॉर्न वाजवते, आता नववीत गेली. गेल्या नोव्हेंबरात इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियममध्ये ग्रँड नॅशनल्स (मार्चिंग बँडची राष्ट्रीय स्पर्धा) बघायला गेलो होतो, तेव्हापासून तिला मैदानावर उतरायचंच होतं. जुलैअखेरीस बँड कॅम्प सुरू होतोय.

फ्रेंच हॉर्नची बेल (आवाज बाहेर पडतो ते रुंद तोंड) मागे वळलेली असते आणि उजवा हात तिच्यात ठेवून वाजवायचं असतं. कवायत करताना ते जमत नाही, शिवाय आवाज प्रेक्षकांकडे जायचा सोडून पाठीमागे जातो. म्हणून शाळेने सगळ्या हॉर्नवाल्या मुलांना मेलोफोन दिलेत. दिसायला फुगवलेल्या ट्रंपेटसारखा, बेल समोर. तिला यामाहाचा वायएमपी-२०४एम मिळालाय. वाद्याची काळजी मिटली, पण माउथपीसपाशी (ओठ टेकवून फुंकायचा सुटा भाग) घोडं अडलंय.

तिचा हॉर्नचा माउथपीस होल्टन फारकस एमडीसी आहे. त्याची दांडी बारीक, मेलोफोनमध्ये बसतच नाही. वरून पितळी अडॅप्टर चढवावा लागतो. पहिला मागवला तो डुगडुगत होता, परत केला. दुसरा नीट बसला. रविवारी जेवणाच्या टेबलावर फोनमधला ट्यूनर (सूर बरोबर लागतोय का ते काट्याने दाखवणारं अ‍ॅप) लावून ती वाजवायला बसली. खालचे सूर ठीक लागले, पण वर जायला लागली की काटा एका जागी ठरेना आणि आवाजही घुसमटल्यासारखा येत होता. मग शाळेतून आणलेला मेलोफोनचा माउथपीस लावला. आवाज असा खणखणीत निघाला की माझे सासरे आतल्या खोलीतून बाहेर आले.

अर्ध्या तासाने मात्र ती आरशासमोरून परत आली ती चेहरा पाडून. हॉर्न वाजवताना माउथपीसचा दोन तृतीयांश भाग वरच्या ओठावर आणि एक तृतीयांश खालच्यावर ठेवायला तिला शिकवलंय. या वेळी ओठांवरचा वळ बरोबर मधोमध उमटला होता. "आई, माझी ओठांची सवय मोडली तर?" हा तिचा प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर नाही. नोव्हेंबरात तिची ऑर्केस्ट्राची ऑडिशन आहे, ती हॉर्नवर.

बँड डायरेक्टर म्हणतात मेलोफोनचाच माउथपीस घ्या. तिचे खासगी शिक्षक म्हणतात, अडॅप्टर लावा पण ओठांना लागणारी कड बदलू नका. दोघंही मनापासून सांगताहेत. यातून गेलेल्यांनी काय केलं? बोटांचाही गोंधळ होतोय, त्याला काय उपाय?

प्रतिसाद १

ताई, मी हायस्कूलची चारही वर्षं मार्चिंगचा सीझन मेलोफोनवर आणि बाकीचं वर्ष हॉर्नवर काढलंय. डायरेक्टरांचं ऐका.

एफ हॉर्नची नळी सरळ केली तर साधारण १२ फूट भरते, मेलोफोनची त्याच्या निम्मी. हॉर्नचा खोल, नरसाळ्यासारखा कप त्या लांब नळीसाठी घडवलेला आहे. तो आखूड नळीला लावला की सूर डळमळणारच, तुम्ही ट्यूनरवर पाहिलं तेच. यात तिचा दोष नाही, हे तिला आधी सांगा. उलट आखूड नळीत नैसर्गिक सूर (बोटं तीच ठेवून नुसत्या ओठांनी निघणारे) एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पळता पळता चुकीचा सूर लागण्याची भीती कमी.

शिक्षकांची चिंताही खरी आहे. त्यावर तोडगा म्हणजे माउथपीस मेलोफोनचा, पण कड हॉर्नच्या जवळची. हॉर्नवाले हॅमंडचा ६एमपी बरेच वापरतात. घ्यायच्या आधी कुणाचा तरी दहा मिनिटं वाजवून बघू दे. कॅम्पच्या दिवसांतही रात्री १५-२० मिनिटं हॉर्न हातात घ्यायचा, हळू आवाजात, लांब सूर. मी दुसऱ्या वर्षी हे सोडलं आणि डिसेंबरात हॉर्नचे खालचे सूर परत आणायला महिना गेला. मैदानावर थकल्यावर माउथपीस ओठांवर दाबायचा मोह होतो, ओठांचं खरं नुकसान त्याने होतं.

बोटांचं: हॉर्नला डावा हात, मेलोफोनला उजवा. स्टाफच्या (स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या) खालून पहिल्या रेघेवरचा ई सूर हॉर्नच्या एफ बाजूला (लांब नळीच्या) एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता निघतो, मेलोफोनवर पहिला-दुसरा दाबायचा. त्याखालचा डी हॉर्नवर नुसता पहिला, इथे पहिला-तिसरा. ट्रंपेटचा बोटांचा तक्ता छापून द्या, तोच चालतो.

आणि ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्रीच्या फुटबॉल मॅचला धातू ओठांना बर्फासारखा लागतो. केली कंपनीचा प्लास्टिकचा माउथपीस खिशात असू द्या.

प्रतिसाद २

बी फ्लॅट मार्चिंग हॉर्न नावाचं वाद्य असतं, यामाहाचा वायएचआर-३०२एम त्यातलाच. बेल समोर आणि हॉर्नचाच माउथपीस लागतो. माझ्या मुलाच्या बँडकडे होते. गोडवा हॉर्नचा, पण नळी लांब, चालताना सूर निसटतात. तुमच्या सेक्शनमध्ये बाकी सगळे मेलोफोन असतील तर एकटीने तो घेऊ नये, आवाज मिसळणार नाही.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. तिच्या शिक्षकांना फोन केला. कडेची गोष्ट त्यांना पटली, रोज रात्री हॉर्न वाजवणार असेल तर हरकत नाही म्हणाले. सेक्शनमधल्या अकरावीतल्या मुलीकडे ६एमपी आहे, शनिवारी तिच्याकडे जाऊन वाजवून बघणार. ट्रंपेटचा तक्ता फ्रिजवर लावलाय. ई आला की अजून बोटं वरच राहतात.

आणखी एक विचारते: ऑडिशनच्या किती आठवडे आधी मेलोफोन पूर्ण बंद करावा? सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालेल असं दिसतंय.