नायट्रेट ५ वर, फॉस्फेट मात्र शून्यावरच; डोस कसा वाढवू?

लातूरहून विचारतोय. रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय), निव्वळ पाणी १८० लिटर, कोरड्या रॉकवर उभा केलेला. प्रवाळ: झोआ, यूफिलिया, एक मॉन्टिपोरा. तापमान २६, सॅलिनिटी ३५ पीपीटी, अल्कलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०. हे सगळं स्थिर आहे.

नायट्रेटही शून्य होतं. सोडियम नायट्रेट अर्धा ग्रॅम टाकलं की साधारण २ पीपीएम चढतं, तसं करत ५ वर आणलं. फॉस्फेट मात्र टिकत नाही. संध्याकाळी ०.०३ पीपीएमचा डोस द्यावा, तर सकाळी मीटरवर पुन्हा ०.००. रिएजंट नवाच आहे. रॉक आणि वाळूच ते शोषून घेत असावेत.

मॉन्टिपोरा फिका पडलाय. वाळूवर दुपारी बुडबुडे अडकलेला तपकिरी, चिकट थर चढतो, रात्री विरतो. डायनोच (डायनोफ्लॅजेलेट, उपद्रवी सूक्ष्मजीव) वाटतात.

जीएफओ (फॉस्फेट शोषणारं फिल्टर माध्यम) काढलं, स्किमर (फेसातून सेंद्रिय घाण काढणारं यंत्र) फक्त रात्री चालतो, खाणं दुप्पट केलं. पाणी टँकरचं, आरओडीआय फिल्टरनंतर टीडीएस (विरघळलेले क्षार) ०, पण वाया फार जातं, त्यामुळे उन्हाळ्यात १० टक्क्यांहून मोठा वॉटर चेंज जमणार नाही.

रॉक भरेपर्यंत रोज ०.०३ च देत राहू, की दिवसातून दोनदा देऊ? मॉन्टिपोराला धक्का न बसता एका दिवसात जास्तीत जास्त किती चढवलेलं चालेल? आणि तोवर नायट्रेटचा डोस थांबवू का?