छतावर सोलर आलं, आता ऑफिसचा वीजखर्च दाखवायचा कसा?

गच्चीवरचा: जुळे सोलापूरला घरातल्याच एका खोलीत माझं स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम चालतं. उन्हाळ्यात दुपारी एसीशिवाय बसवत नाही. महिन्याचं बिल 3400 यायचं, तिसरा हिस्सा ऑफिसखर्चात टाकायचो. मे महिन्यात 3 किलोवॉट सोलर बसवलं, बिल आलं 240 वर. खर्चच गेला की! माझं म्हणणं, ऑफिसने ही वीज घराकडून विकत घेतली असं धरून जुन्याच दराने खर्च लावावा. पॅनेल काय फुकट आलं?

हिशेबनीस: विकणारेही तुम्हीच, गिऱ्हाईकही तुम्हीच. जे बिल भरलंच नाही ते खर्चात कसं येईल? पॅनेलचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी घटणारी किंमत, खर्चात घ्या. सोलरला 40 टक्के दर आहे.

गच्चीवरचा: पूर्ण 1,90,000 वर?

हिशेबनीस: केंद्राच्या सूर्यघर योजनेची 78,000 सबसिडी वजा करा. उरले 1,12,000, घसारा 44,800, त्याचा तिसरा हिस्सा 14,900 च्या वर. आधी वर्षाला 13,600 दाखवत होता, मग रडता कशाला? पुढच्या वर्षी मात्र घसारा उरलेल्या किमतीवरच, म्हणून 9,000 च्या आत येईल.

कडक भाकरी: पण तिसराच हिस्सा का बे? याचा एसी भर दुपारी चालतो, म्हणजे थेट छतावरच्या विजेवर. घरचे पंखे-कूलर रात्री, ते महावितरणच्या विजेवर. ऑफिसचा वाटा निम्मा तरी धरा.

हिशेबनीस: नेट मीटरिंग आहे ना? दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. कुठलं युनिट कुणाचं, मीटर सांगत नाही. आकडा असा हवा, की विचारलं तर दाखवता येईल.

सात रस्ता: व्यावसायिकांसाठीची ठोक उत्पन्नाची पद्धत (जुनं 44 एडीए) घेतली असेल तर हा सगळा वाद वाया. निम्मी जमा उत्पन्न धरली की घसारासुद्धा त्यातच आला.

गच्चीवरचा: नाही घेत. दोन ड्राफ्ट्समनचे पगार गेले की निम्मं कुठलं उरतंय? वह्या ठेवतो, ऑडिट करतो.

विजापूर रोड: आम्ही नोकरदार. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, वीज आमची, पंखा आमचा. वजावट तीच, नव्या करपद्धतीतली सरसकट 75,000. घरी बसा नाहीतर ऑफिसात.

कडक भाकरी: आणि घरगुती म्हणून सबसिडी घेतली, आता तेच पॅनेल धंद्याचं म्हणायचं? हे मला तरी पटत नाही.

गच्चीवरचा: अहो, दोन हिस्से घराचेच आहेत! वाट्याचं म्हणाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. ऑफिसच्या लाइनवर वेगळा मीटर लावतो, 850 मागतोय.