तीन वर्षांच्या लेकीला टीबीची गोळी सांगितलीय आणि आत्याबाई गोठ्यालगतच्या खोलीत जाऊन राहिल्यात

निपाणीकडची_सून

नमस्कार. माझं माहेर गडहिंग्लज, सासर निपाणीजवळच्या खेड्यात. सोमवारपर्यंत एक गोष्ट ठरवायची आहे आणि घरात एकमत होत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिवाळीनंतर टीबी निघाला. वय ५६. तीस वर्षं विड्या वळतात. दसऱ्याच्या आधीपासून खोकला होता. एका खाजगी दवाखान्यात दोन महिने नुसत्या औषधाच्या बाटल्या चालल्या, थुंकी तपासा असं कुणी म्हणालं नाही. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी त्यांच्या गळ्याची वर आलेली हाडं बघितली आणि आशाताईंना घरी पाठवलं. सरकारी दवाखान्यात मशीनवर थुंकी तपासली आणि निदान झालं. वजन ३६ किलो. मागच्या वर्षी आदमापूरला गेलो होतो तेव्हा तिथल्या काट्यावर ४३ भरलं होतं.

गोळ्या सुरू होऊन वीस दिवस झाले. आता दवाखान्यातून सांगितलंय की माझ्या लेकीलाही सहा महिने रोज गोळी द्यायची. ती तीन वर्षांची आहे, वजन साडेअकरा किलो. तिला खोकला नाही, ताप नाही, खाते-खेळते. मामंजी म्हणतात, धडधाकट पोरीला टीबीची गोळी कशाला, उद्या गावात नाव झालं तर तिचं लग्न कोण करेल. हे म्हणतात, दवाखान्यात सांगितलंय तर देऊ. पण ह्यांची कागल एमआयडीसीत रात्रपाळी, घरात दिवसभर मामंजींशी बोलायचं मलाच.

दिलेला कागद कन्नडात आहे. मला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. ह्यांचंही शिक्षण मराठीतच झालंय. त्यातला ‘यकृत्तु’ म्हणजे यकृत एवढं ह्यांना लागलं, आणि ते ऐकून मामंजी अजूनच बिथरले.

दुसरी गोष्ट सांगताना हात थांबतोय. आत्याबाई स्वतःहून गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायला गेल्या. ताट, तांब्या वेगळा केला. लेक जन्मापासून त्यांच्या कुशीत झोपायची. रात्री ती ‘आज्जी’ म्हणून रडते तेव्हा त्या पलीकडून भिंतीवर दोनदा थाप मारतात, म्हणजे ‘मी आहे’. मी त्यांना रोज एक अंडं उकडून देते. परवा कळलं, ते त्या मामंजींच्या हातून लेकीला पाठवतात.

गोळी द्यायची की नाही? आणि आत्याबाईंना असं वेगळं ठेवायची खरंच गरज आहे का? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी लिहा.

सिस्टर_चिकोडी

पोरी, मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं नर्स होते. शेवटची १२ वर्षं टीबीच्या कामात, हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी ह्या पट्ट्यात. विड्या वळणाऱ्या बायकांची घरं मी आतून बघितलीत. तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण ती भिंतीवरची थाप वाचल्यापासून मला काही सुचेना.

आत्याबाईंना घरात आण. हाच प्रश्न घेऊन १९५६ साली मद्रासमध्ये अभ्यास सुरू झाला होता. तेव्हा टीबी म्हटलं की सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या रुग्णांना महिनोन्महिने ठेवायचं रुग्णालय. आपल्याकडचे लोक मिरजेला वॉन्लेसवाडीला जायचे. मद्रासच्या डॉक्टरांनी १९३ रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या स्वतःच्या घरी औषध दिलं. औषधं दोघांना तीच, वर्षभर. सॅनेटोरियममध्ये जेवण चांगलं, आराम भरपूर. घरी राहिलेले लोक दाटीवाटीच्या वस्तीत, अर्धपोटी, कामाला जाणारे. वर्ष संपल्यावर बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. पुढं पाच वर्षं दोन्हीकडच्या घरच्यांवर लक्ष ठेवलं. रुग्ण घरी राहिला म्हणून त्या घरात टीबी वाढला, असं दिसलं नाही. जगभरातली सॅनेटोरियमं बंद पडायला हा आपल्या देशातला अभ्यास मोठं कारण झाला.

असं का झालं? घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. औषध लागू पडलं की थुंकीतले जंतू झपाट्यानं कमी होतात, साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका पुष्कळ उतरतो. तुमचे वीस दिवस झालेत. आणि टीबी ताटातून, तांब्यातून, लुगड्यातून लागत नाही. तो खोकल्याबरोबर हवेत उडणाऱ्या बारीक कणांतून लागतो. खिडक्या उघड्या ठेवा, त्यांनी खोकताना तोंडावर पदर धरावा, चारचौघांत मास्क लावावा. रात्री कुशीत झोपवायचं तेवढं दोन महिन्यांनी होणाऱ्या थुंकीच्या तपासणीपर्यंत थांबव. दिवसा अंगणात, सोप्यात आज्जीजवळ बसू दे लेकीला. ताट मात्र आजच एकत्र कर.

आता गोळी. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत लेक त्यांच्या कुशीत होती. तिच्या अंगात जंतू शिरून झोपून राहिलेला असू शकतो. मोठ्या माणसात तो बहुधा आयुष्यभर झोपलेलाच राहतो. लहान मुलांत लवकर जागा होतो आणि कधीकधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. बीसीजी टोचलेली असेल, तिच्यामुळं लहान मुलांमधला हा भयंकर प्रकार कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर बीसीजीचा अभ्यास झाला, त्यात मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून तिनं संरक्षण दिलंच नाही. म्हणून नुसत्या लशीवर विसंबता येत नाही.

लेकीला जी गोळी सांगितलीय ती आयसोनियाझिड असणार. आत्याबाईंना पहिले दोन महिने चार औषधं मिळून चालतात, लेकीला हे एकच. हा आजारावरचा कोर्स नाही, आजार होऊ नये म्हणूनचा आहे. ह्याच औषधाची परीक्षा अलास्कात बेथेल भागात जॉर्ज कॉमस्टॉक नावाच्या डॉक्टरनं १९५० च्या दशकाअखेरीस केली. तिथं घरटी टीबी होता. गोळी घेणाऱ्यांत टीबी निम्म्याहून खाली आला आणि हे संरक्षण १९ वर्षांनंतरही टिकलेलं दिसलं. त्या माणसानं ही गोळी स्वतः घेतली, आपल्या बायकामुलांनाही दिली. मामंजींना एवढं तरी सांग.

पण गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी नक्की करून घे. एक, लेकीला खरोखरच टीबी नाही ना. खोकला, ताप, वजन न वाढणं, खेळताना मलूल पडणं, ह्यातलं काही असेल तर आधी पूर्ण तपासणी, कारण आजार असताना एकच औषध दिलं तर जंतू त्याला निगरगट्ट होतो. दुसरं, आत्याबाईंच्या रिपोर्टमध्ये औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना. तसा असेल तर लेकीची गोळीही बदलते.

कागदाचं म्हणशील तर, कळत नसलेल्या कागदावर गप्प बसू नकोस. तिथं टीबीचं काम बघणाऱ्या माणसाला म्हण, ‘मला मराठीत वाचून दाखवा.’ आपल्या भागात दोन्ही भाषा येणारं कुणीतरी असतंच दवाखान्यात. मी किती वेळा कन्नड कागद हातात धरून मराठीत सांगितलाय आणि मराठी घरातल्या बाईनं मग चार प्रश्न विचारलेत, जे तोवर तिच्या पोटातच होते.

जांबोटीकर

ताई, सिस्टरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त घरचं सांगतो. आमच्या वडिलांना टीबी झाला तेव्हा मी सातवीत होतो, धाकटा भाऊ दोन वर्षांचा. वडील गोळ्या खाऊन बरे झाले. भावाला काही द्यायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आईला कळलं नाही. चार महिन्यांनी तो नुसता पडून राहायला लागला, उलट्या, चिडचिड, ताप. आम्ही नजर लागली म्हणून आठ दिवस घालवले. बेळगावला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. मेंदूच्या आवरणाचा टीबी. वाचला, पण उजवा हात अजून नीट उचलत नाही आणि शाळा तिसरीच्या पुढं गेली नाही. आज तो तिशीचा आहे. आई अजून म्हणते, एक गोळी होती म्हणे त्याच्यासाठी. तुमच्या मामंजींना फोनवर बोलायचं असेल तर मला निरोप टाका, मी बोलेन.

शहापूर_औषधवाले

मी बेळगावात औषधाचं दुकान चालवतो. यकृताचं लिहिलंय ते खरं आहे, उगीच लिहिलेलं नाही. आमच्या चुलत्यांना ह्याच गोळीनं कावीळ झाली होती. ते रोज दारू घ्यायचे आणि डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मुलांना त्रास क्वचित होतो, तरी कशावर लक्ष ठेवायचं ते आईला माहीत हवं. आणि घरातल्या मोठ्यांचं काय, ते सिस्टरांनी सांगावं.

सिस्टर_चिकोडी

बरोबर आठवण केलीत. पोरी, लेकीची भूक एकदम गेली, वारंवार ओकली, पोट दुखतंय म्हणाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे वाटले, तर गोळी तिथंच थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी गोळी आपल्या मनानं बंदही करायची नाही आणि असं काही दिसत असताना रेटायचीही नाही.

मोठ्यांनीही तपासून घ्यायचं. तू, तुझे मालक, मामंजी, तिघांनी. लक्षणं नसतील, एक्स-रे स्वच्छ असेल, तर तुम्हालाही असाच कोर्स सांगतील. मोठ्यांना आता आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्सही आहे. २०११ साली त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा छोटा कोर्स पूर्ण करणारे ८२ टक्के निघाले आणि रोजच्या गोळीचा नऊ महिन्यांचा कोर्स पूर्ण करणारे ६९ टक्के. त्या गोळीनं लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. मामंजी दारू घेत असतील तर लाज न धरता डॉक्टरांना आधी सांगा.

आता त्या अंड्याकडे येते. माझ्या नोकरीत हा भाग आमच्या हातून नीट झाला नाही, त्याची मला आजही खंत आहे. आम्ही गोळ्या मोजायचो, ताटात काय आहे ते बघायचो नाही. आपल्याच कर्नाटकातल्या, मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजच्या डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ असा अभ्यास केला. टीबीच्या २,८०० रुग्णांची घरं घेतली. रुग्णाला दर महिन्याला दहा किलो शिधा दिला, तांदूळ, तूरडाळ, दूध पावडर, तेल. निम्म्याच्या आसपास घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा दिला. घरची माणसं एकूण दहा हजारांवर होती. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं नवीन टीबी ३९ टक्के कमी झाला. टीबीची गोळी नाही, सुई नाही, डाळ-भात आणि जोडीला जीवनसत्त्वं. आणि रुग्णांमध्ये, ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला.

आत्याबाईंच्या ३६ किलोचे पाच टक्के म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. दोन महिन्यांत एवढं वाढवायचं आणि त्यातले वीस दिवस गेलेत. म्हणून ते अंडं त्यांच्या तोंडात जायलाच हवं. लेकीला वेगळं उकड. दोन अंडी, दोघींनी समोरासमोर बसून खायची, तू तिथं उभी राहायचीस. टीबीच्या रुग्णाच्या खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये त्यांच्या खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते. खातं जोडलंय का ते विचार. त्या पैशातून शेंगदाणे, डाळ, अंडी आण. नाचणीची आंबील चालेल, पण नुसत्या आंबिलीवर ठेवू नकोस.

आणि विड्यांची पाटी काही दिवस बाजूला ठेवता येते का बघ. त्यांना विचारलंस तर नाही म्हणतील, हप्त्याचे पैसे आठवतील. तू विचारू नकोस, पाटी उचलून ठेव.

निपाणीकडची_सून

सगळ्यांचे आभार. जांबोटीकर दादा, तुमचं लिहिलेलं मी मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. सोमवारी मी निघाले तर गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते, आणि दवाखान्यात आत येऊन बसले.

तिथल्या टीबीच्या ताईंनी तो कन्नड कागद अख्खा मराठीत सांगितला. मी म्हटलं, परत सांगा, तर परत सांगितला. आत्याबाईंच्या रिपोर्टमध्ये औषधाला दाद देणाराच टीबी आहे. लेकीला डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे. गोळी सुरू केली. चमच्यात पाण्यात विरघळवून देते, तोंड वाकडं करते पण गिळते.

मामंजींनी तिथंच विचारलं, माझं वय ६२, मला पण लागेल का गोळी. दारू घेत नाही, तंबाखू खातो असं स्वतःच सांगितलं. त्यांचा आणि माझा एक्स-रे गुरुवारी आहे, ह्यांचा सुट्टीच्या दिवशी.

सिस्टर, पाटी मी माळ्यावर टाकली. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. काल संध्याकाळी दोघी सोप्यात अंडी खायला बसल्या, लेकीनं आपल्यातलं पिवळं काढून आज्जीच्या ताटात टाकलं, मी ते परत उचलून लेकीच्या ताटात ठेवलं. वजन ३६ किलो ७०० झालंय. तपासणीपर्यंत झोपायच्या खोल्या वेगळ्याच आहेत, त्यामुळं रात्रीची थाप अजून चालू आहे.