बालगृहातल्या मोठ्या पोरांना दिवाळीत काय द्यायचं (आणि काय अजिबात द्यायचं नाही)

पऱ्हाटी
काल तालुक्याच्या ग्रुपवर एक आवाहन फिरलं. "अनाथ चिमुकल्यांच्या चेहऱ्यावर हसू फुलवू या. जुने पण चांगले कपडे, खेळणी, फराळ जमा करा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वाटप. फोटोसाठी सर्वांनी वेळेवर यावे." खाली नुसते जोडलेले हात आणि फुलं. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहिते.

चिमुकले आहेत कुठे पण? सहा वर्षांच्या आतल्यांची शिशुगृहं वेगळी असतात. हे आवाहन ज्या बालगृहासाठी आहे तिथे आठवीच्या पुढचीच पोरं जास्त. मिसरूड फुटलेल्या पोराला चावीचं माकड देणार का? गेल्या दिवाळीत आलेली पोती आम्हीच बायकांनी बसून निवडली. नवरदेवाची शेरवानी निघाली, खालचा पायजमा नाही. फॉल उसवलेल्या साड्या. एकाच पायाचा बूट. अकरावीतल्या एका मुलीच्या वाट्याला छातीवर ससा असलेला फ्रॉक आला. तिने तो नीट घडी घालून टीव्ही पुसायला ठेवून दिला.

लक्ष्मीपूजनाला तिथे अर्धे पलंग रिकामे असतात हेही कोणाला माहीत नाही. ज्यांना आई, आजी, मामा, कोणीतरी आहे ती पोरं बालकल्याण समितीच्या परवानगीने सुटीत घरी जातात. द्यायचंच असेल तर शाळेला सुटी लागायच्या आधी द्या, म्हणजे पोरगा मामाच्या दारात जुन्या चपलेवर उभा राहणार नाही.

आणि विचारा ना त्यांना! प्रत्येक बालगृहात १६ ते १८ वयोगटाची वेगळी बाल समिती असावी असं नियमातच आहे. आम्ही कागद फिरवला तेव्हा काय काय आलं: पांढरे बूट, दाढीचं सामान, पेटीला लावायला कुलूप. मुलींनी चिठ्ठीत नुसतं "आतले, मापाचे" एवढंच लिहिलं. नववीतल्या एकाने टॉर्च मागितला, कारण सुटीत काकाच्या शेतात जागलीला जायचं असतं, डुकरं येतात. एकाने मोबाईल.

माझं म्हणणं, १३ ते १८ वाल्यांसाठी वेगळी मोहीम करू. एका पोरामागे एक घर, वस्तू नवीन, यादीप्रमाणे. देणाऱ्याला नाव कळणार नाही, फक्त माप कळेल. फोटो नाही. कोण कोण येतं ते सांगा, हात जोडू नका.

बांधावरचा
ताई, राग नका येऊ देऊ, पन थे पोट्टे निदान दोन टाइम जेवते. माह्या गल्लीत एका घरचा बाप फवारनीचं औषध पिऊन गेला. प्रकरन कमिटीत गेलं, अपात्र झालं. पात्र झालं असतं तरी सरकारी मदतीच्या लाखातले तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेवीत. थ्या घरचे दोन पोट्टे शाया बुडवून कापूस येचाले जाते. त्याइले कोन बूट देते? बालगृहाची पाटी दिसली का सारे दाते तिकडंच पयते. घरी राहून उपाशी हाय त्याले कोनी अनाथ म्हनत नाई. सोयाबीन चार हजाराच्या खाली इकलं मी, अन् तुमी पांढरे बूट मागता.

पऱ्हाटी
दादा, त्या दोघांसाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज केला का? बाप गेलेल्या मुलांनाही मिळतं, महिन्याला २,२५० रुपये, मूल घरीच राहतं.

बांधावरचा
केला. थ्या माउलीनं मजुरी पाडून चकरा मारल्या. एकदा मृत्यूचा दाखला पाहिजे, एकदा उत्पन्नाचा, एकदा म्हने फोटो घरासमोर उभं राहून काढा. मंजूर झालं त पैसे कवा येते थे इचारू नका. मले कागद नका सांगू तुमी.

सांबारवडी
बांधावरचे दादा, प्रत्येक धाग्यावर सोयाबीन आणलंच पाहिजे का? मूळ मुद्दा चांगला आहे. मी हिंगणघाटचा, सध्या पुण्यात. यादीतला मोबाईल कोणी उचलला नसेल तर मी देतो. ऑनलाइन मागवतो, थेट बालगृहाच्या पत्त्यावर. दोन मिनिटांचं काम.

बांधावरचा
पुन्यात बसून दोन मिनिटात दिवाळी. वा रे वा. गावाकडं येऊन पाय त एकदा.

माजी_अधीक्षक
दोन मिनिटांचं काम! या दोन मिनिटांनंतर आमची दोन वर्षं जातात. बालगृह चालवलं आहे म्हणून सांगतो.

एक. दिवाळीत दाते येतात ते चिवड्याचे डबे घेऊन. मुलं चिवडा बघून तोंड फिरवतात. जूनमध्ये वह्या, दप्तर, रेनकोट लागतो तेव्हा एकही गाडी फाटकाशी थांबत नाही. दोन. एकाला मोबाईल आणि दुसऱ्याला कुलूप दिलंत, तर ते कुलूप पहिल्या रात्रीच तुटणार. सगळ्यांना सारखंच द्यावं लागतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. तीन. मोबाईल. आमच्याकडे एका मुलीला असाच कुठल्याशा "ताईने" गुपचूप फोन दिला. त्यावरून एका माणसाने तिला फूस लावून नेलं. पोलीस, समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सगळ्यांसमोर चौकशी माझी झाली, ताई कुठे गेल्या माहीत नाही. शिवाय १८ च्या आत स्वतःच्या नावाने सिम मिळतच नाही. मग ते कोणाच्या नावाने घेणार? तुमच्या? आणि त्यावरून काही झालं तर तुम्ही येणार का ठाण्यात?

फोटोबद्दल मात्र बाई बरोबर बोलल्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरसेवकांना हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

सिंदीकर
आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. दहा रुपये द्या की पन्नास, त्याचं काय घ्यायचं ते पोर ठरवतं. मोठ्या पोरांनाही तसंच द्या. पाकिटात पैसे घाला आणि आठवडी बाजारात सोडा. आपल्या हाताने जीन्स निवडण्यात जी मजा आहे ती तुमच्या यादीत नाही.

माजी_अधीक्षक
रोख हातात दिली की संध्याकाळी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी.

तुऱ्हाटी
खर्रा आम्हाला चौकीदारच आणून द्यायचा साहेब. पुडीमागे पाच रुपये जास्त घेऊन.

मी बालगृहातच वाढलो, आता बुटीबोरीत कंपनीत आहे. वायरमनचा आयटीआय केला. इतका वेळ नुसता वाचत होतो, पण मोबाईलवर अधीक्षक साहेबांनी जे लिहिलं त्याने डोकं फिरलं.

माझ्या आधारला नंबर होता आमच्या अधीक्षकांचा. बँक खात्यालाही तोच. आमच्यातल्या सगळ्यांचं तसंच होतं, कारण नंबर दुसरा होताच कुठे? मी १८ चा झालो आणि बाहेर पडलो. साहेबांची बदली झालेली, फोन उचलत नव्हते. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडलेले, ओटीपी त्यांच्याकडे. आधार केंद्रावर बोटं टेकवली की नंबर बदलून मिळतो, पण बदलायला आधी नंबर तर पाहिजे. मग आयटीआयसमोरच्या पानठेलेवाल्याचा नंबर दिला. माणूस चांगला. पण एका भरतीचा मेसेज आला तो त्याने जाहिरात समजून डिलीट केला. ती भरती गेली.

तर तुमच्या त्या फूस लावणाऱ्याचं मला कळतं. पण आम्हाला फोन दिला नाही त्याने काय नुकसान झालं, त्याची चौकशी कोणी केली?

माजी_अधीक्षक
तुमच्याशी सहानुभूती आहे. पण एका उदाहरणावरून धोरण ठरत नसतं.

तुऱ्हाटी
तुमच्या एका मुलीवरून ठरलं ना.

सांबारवडी
बिनतोड!

माजी_अधीक्षक
टाळ्या वाजवायला पुण्याहून बरे धावून आलात. चाळीस मुलं, एक काळजीवाहक, रात्री एकाचं पोट दुखतं, दुसरा भिंतीवरून उडी मारतो, त्यात अनुदान अडकलेलं, किराणावाला दारात उभा. हे करून बघा आणि मग बिनतोड म्हणा. आम्ही काय पोरांचे वैरी आहोत का?

पऱ्हाटी
धागा दिवाळीच्या भेटींचा आहे. फक्त आठवण करून दिली.

झुणका_ठेचा
मोबाईल काय नि बूट काय, ही सगळी मलमपट्टी आहे. खरा प्रश्न १८ नंतरचा. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या अनुरक्षण गृहात २१ पर्यंत राहता येतं म्हणतात, पण आपल्या भागातल्या किती मुलींना ते कुठे आहे हे तरी माहीत आहे? दिव्यांग अनाथांना सांभाळणाऱ्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री दिली, ठीकच झालं. पण दिव्यांग अनाथांना १८ नंतर बाहेर काढू नका, ही त्यांची मागणी किती जुनी आहे? अनाथांना नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र पोरगं बालगृहात असतानाच काढून द्या. त्याहून मोठी दिवाळी भेट नाही.

तुऱ्हाटी
प्रमाणपत्राचं बरोबर. पण "मलमपट्टी" असं लिहू नका. मला दहावीत एकदा नवीन बूट मिळाले होते, खोक्यातले, आत तो चुरगळलेला कागद असतो ना, तो मी कितीतरी दिवस टाकला नाही. दोन्ही पाहिजे. प्रमाणपत्र पण आणि बूट पण. गरिबाने एकच काहीतरी मागावं असा नियम आहे का?

आणि काकाकडे जागलीला जाणारा तो पोरगा. पऱ्हाटीताई, त्याला टॉर्च द्या, पण एक विचारा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना नातेवाईक दिवाळीतच न्यायचे, कारण तेव्हाच कापूस वेचणी. उन्हाळ्याच्या सुटीत कोणी येत नसे. अंगावर नवा कपडा घालून जायचो आणि कापसाच्या झाडांनी ओरखडलेले हात घेऊन परत यायचो. मजुरी काकाच्या खिशात.

बांधावरचा
आता आमच्यावर आलं का? अरे बाबू, शेतकऱ्याच्या घरी दिवाळीत सारेच येचते. माही पोरगी बीएस्सीले हाय, थे बी येचते. सीतादई, म्हंजे येचनीचा मुहूर्त, झाली का घरात कोनी बसत नाई. त्याले राबवनं म्हनत नाई.

तुऱ्हाटी
तुमची पोरगी वेचून तुमच्याच घरी जेवते काका. मला सोमवारी परत सोडायचे.

बांधावरचा
...बरं. हे येगळं हाय. मान्य.

पन सारे काके तसे नसते, हे बी लिहून ठेव.

माजी_अधीक्षक
रजेवरून आल्यावर मुलाशी बोलून नोंद घ्यायची असते. मी घेत होतो. (सगळे घेत नाहीत, हेही खरं.)

मोबाईलबाबत माझं मत कायम आहे. १८ च्या आत नाही म्हणजे नाही. पण ज्यांची सुटका येत्या वर्षात आहे त्यांच्यासाठी वेगळा विचार होऊ शकतो. फोन कार्यालयात, पाकीट बंद. १८ पूर्ण झाले की त्याच दिवशी सिम त्याच्या नावाने, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस सोबत जाऊन आधार आणि बँकेचा नंबर बदलून आणेल. निदान माझ्या काळात कोणी असं सुचवलं असतं तर मी फाइल पुढे पाठवली असती.

तुऱ्हाटी
फाइल पुढे पाठवली असती. धन्य आहात. पण चालेल, असं करा.

सांबारवडी
मग माझा फोन त्यात धरा. स्मार्टफोनच देणार, बटणाचा नाही. आयटीआयचे, सीईटीचे सगळे अर्ज ऑनलाइन आहेत.

बांधावरचा
अन् रिचार्ज तुह्या बाप मारन का? तीन महिन्यांनी बंद पडला का झाला डबा.

सांबारवडी
बापापर्यंत जाऊ नका. रिचार्ज वर्षाचा मारतो. झालं समाधान?

बांधावरचा
वर्षाचा मारत असशीन त ठीक हाय. शब्द वापस घेतो, राग नाई.

पऱ्हाटी
आता मोहिमेकडे येते, नाहीतर हा धागा होळीपर्यंत चालेल.

सारखेपणाचा मुद्दा अधीक्षक साहेबांचा धरते. प्रत्येकाच्या भेटीची किंमत एकाच मर्यादेत राहील, वस्तू मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीची. सिंदीकरांचा बाजार मला आवडला, पण पंधरा-वीस पोरं घेऊन बाजारात जायला सोबत मोठी माणसं लागतील, ती देणार असाल तरच. मुलींचं "आतलं, मापाचं" फक्त बायका बघतील, त्यावर इथे चर्चा नको. कुलूप सगळ्यांना. फोन या मोहिमेत नाहीत, त्याचा वेगळा धागा तुऱ्हाटीने काढावा. चिवडा आणाल तर परत पाठवला जाईल.

बांधावरच्या दादांच्या गल्लीतली ती दोन पोरं बालगृहात नाहीत, पण मापं पाठवा, यादीत घेते. नियमात बसवत बसायला आपण काय सरकार आहोत का?

बांधावरचा
मोठ्याचा पाय आठ नंबर, लहान्याचा सहा. पांढरे नका घेऊ, चिखलात राहात नाई. काळे घ्या.

सिंदीकर
मोठ्याला विचारलं का पांढरे पाहिजेत की काळे?

बांधावरचा
इचारतो ना बे. घरी नाई थो, वावरात हाय.