मांजर आणि फिशटँक एकाच खोलीत: झाकण घातलं की भागतं का?

काचघर:
घरात मांजर येणार म्हटलं की टँक काढून टाकायचा सल्ला लगेच मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. झाकण पक्कं असेल तर दोघं एका खोलीत नीट राहतात. ६०×३०×३६ सेंमीच्या टँकमध्ये सुमारे ६५ लिटर पाणी मावतं. वाळू-काच धरून एवढं वजन मांजराला पाडता येत नाही. स्टँड मात्र डुगडुगता नको. झाकणाची काच अखंड न घेता दोन तुकड्यांत घ्या आणि मधे आडव्या पट्टीचा आधार द्या, म्हणजे मांजर वर बसलं तरी काच मधोमध तडकणार नाही. फिल्टरच्या नळीसाठीची खाच पंजा शिरेल एवढी मोठी ठेवू नका.

शेवाळ:
झाकण हवंच, पण ते पुरतं असं म्हणणं धोक्याचं आहे. चार-पाच किलोचं मांजर कपाटावरून थेट झाकणावर उडी मारतं तेव्हा काचेवर नुसतं वजन येत नाही, दणका बसतो. ॲक्रिलिक घ्याल तर ते ओलाव्याने वाकतं, कडेला फट पडते. दिव्यामुळे हूड, म्हणजे दिवा बसवलेलं झाकण, कोमट राहतं, त्यामुळे मांजराला झोपायला तीच जागा आवडते. शिवाय मासे! काचेवर सतत पंजे आपटत राहिले तर बुजरे मासे कोपरा धरतात, रंग फिका पडतो, खाणं सुटतं. माझं मत स्पष्ट आहे: टँक दार लागणाऱ्या खोलीत, आणि घरात कोणी नसताना ते दार बंद.

काचघर:
दणक्याचा मुद्दा मान्य. कपाट टँकपासून लांब सरकवा, मांजराला बसायला दुसरीकडे उंच जागा द्या. माशांचं म्हणाल तर टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कागद लावा, आत दाट झाडं ठेवा. लपायला आडोसा असला की बहुतेक मासे सरावतात. रोज दार बंद करायचं तर ते एक दिवस उघडं राहणारच. झाकण तसं विसरून राहत नाही.

ओंजळ:
तुम्ही दोघंही पंजातच अडकलात. टँकवर मनीप्लांट सोडलाय का? मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. तो काढाच. मिथिलीन ब्लू हे माशांचं निळं औषध घातलेलं पाणी मांजराने पिऊ नये, त्याच्या तांबड्या रक्तपेशींना ते अपायकारक आहे. म्हणून औषधोपचार वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात करा आणि पाणी बदलताना बादली उघडी ठेवू नका. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरच ठिबकतं. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.

शेवाळ:
यात पिसवांच्या औषधाची भर घाला. फिप्रोनिल मानेवर लावल्यावर ते सुकेपर्यंत मांजराला टँकजवळ फिरकू देऊ नका, ते माशांना विषारी आहे. परमेथ्रिनवालं कुत्र्यांचं औषध तर मांजरालाच मारतं. आणि पिसवांचा स्प्रे खोलीत मारलात तर एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो, झाकण कितीही घट्ट असो. स्प्रे मारायचाच असेल तर पंप आधी दुसऱ्या खोलीत हलवा, नळी लांब घ्या आणि टँकवर ओलं कापड टाका.