एआर कॉलिंगमधली पोरं टिकत का नाहीत? (इंदूर)

विजयनगरची_टीएल
विजयनगरात मेडिकल बिलिंगच्या कंपनीत टीएल (टीम लीडर) आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांचे क्लेम तिथले इन्शुरन्सवाले नाकारतात आणि आमची पोरं रात्रभर फोन करून 'का नाकारला' ते विचारतात, हेच एआर (थकलेल्या बिलांचं) कॉलिंग. निम्मा वेळ होल्डवर. पोरगा हाताशी येतो, डिनायल कोड (क्लेम नाकारल्याच्या कारणाचा कोड) बघताच पुढचं काम सांगू लागतो, की लगेच राजीनामा. एचआरच्या मते पगार कमी पडतो. पण नुकतेच गेलेले दोघे जवळपास तेवढ्याच पगारावर समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलेत! आता वरून हुकूम आलाय, शुक्रवारी पिझ्झा मागवा. सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्री उभ्यानं खाणारी पोरं ही, पिझ्झ्यानं थांबणार होय? तुम्ही का सोडलीत, का टिकलात, खरं सांगा.

रामबागवाला
ताई, मी सोडली ती शिफ्टपायी. क्लायंट न्यूयॉर्कचा. उन्हाळ्यात आपली शिफ्ट संध्याकाळी ६:३० ते पहाटे ३:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, की आपली ७:३० ते ४:३०, तीही ऐन थंडीत. कॅब मुलींना आधी सोडते, ते बरोबरच आहे. पण एक सुदामानगरची, दुसरी राऊची. मी रामबागेतला, रोज राऊ बघून घरी! आई तोवर देवपूजेला बसलेली.

मग सीपीसीची, म्हणजे मेडिकल कोडरची परीक्षा दिली. कोडरला फोन करायचा नसतो, पेशंटचा चार्ट वाचून आजार-उपचारांचे कोड लावायचे, म्हणून दिवसाची शिफ्ट मिळते. आमच्याकडे कोडिंगची टीम होती, तिथे घ्या म्हटलं. उत्तर आलं, "कॉलिंगला माणसं कमी आहेत." दुसरीकडे गेलो, पगार तेवढाच. तुमचे ते दोघे समोर कोणत्या कामावर गेलेत, तेवढं विचारा.

लोकमान्यनगर_इंदूर
मी टिकलेय. घर स्वतःचं, पुण्यात गेले तर वाढलेला पगार भाड्यातच जाईल. आणि आमच्याकडे रोस्टर महिनाभर आधी लागतं. गौरींच्या तीन दिवसांची सुट्टी मॅनेजर स्वतःच आधी लिहून ठेवतो. हिशोबही सांगते: कायम नोकरीत ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, शेवटच्या मूळ पगाराला २६ ने भागून दर वर्षाचे १५ दिवस. मूळ पगार १४,००० धरला तर ५ वर्षांचे ४०,००० च्या वर. पण चार वर्षं झालेल्यालाच हे बांधून ठेवतं, नव्या पोराला त्याचं काय?

विजयनगरची_टीएल
विचारलं. एक कोडिंगला, दुसरा पेमेंट पोस्टिंगला (आलेले पैसे खात्यात नोंदवायचे). दोघेही दिवसाच्या शिफ्टला! दादा, तुमचं बरोबर निघालं. आता मॅनेजरपुढे मांडते की वर्षभर कॉलिंग केलेल्याला आतच बदली द्या. तो म्हणणार, मग रात्री फोन कोण करणार?

रामबागवाला
आत्ता तरी कोण करतंय? दर तीन महिन्यांनी नवी बॅचच ना?