निपाह: पुण्याच्या अहवालाआधी ‘पॉझिटिव्ह’ जाहीर करावं का?

रानवाट: राज्यातल्या लॅबमध्ये निपाह या विषाणूसाठी नमुना पॉझिटिव्ह आला, तरी पुण्याच्या एनआयव्हीचा (राष्ट्रीय विषाणू संस्थेचा) अहवाल येईपर्यंत गप्प बसायचं, ही पद्धत मोडायला हवी. २००१ साली सिलिगुडीत ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले. सुरुवातीला गोवराचाच वेगळा प्रकार वाटला आणि बहुतेकांना लागण इस्पितळातच झाली. २०१८ ला कोझिकोडचा पहिला रुग्ण निदानाविनाच गेला. निपाह उमगला तो त्याच्या भावाच्या नमुन्यावरून, तोही आधी मणिपालच्या लॅबमध्ये. तोवर इस्पितळात विषाणू पसरला होता.

कुपी: सहमत नाही. चाचणी निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा निगेटिव्ह दाखवते असं धरलं, तरी हजार संपर्कितांत दहाएक खोटे पॉझिटिव्ह निघणारच. शिवाय आधीच्या पीसीआरचा (विषाणूचं जनुक अनेकपट वाढवून शोधणाऱ्या चाचणीचा) अंश पिपेटवर राहतो आणि पुढच्या नळीत उतरतो. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे मुद्दाम विषाणूविना ठेवलेली नळी, पॉझिटिव्ह आला तर अख्खी बॅच रद्द करावी लागते. दुसऱ्या जनुकावर, शक्यतो नव्या नमुन्यावर फेरतपासणी हवीच. विषाणू वाढवून पाहायचा तर एनआयव्हीची पाषाणची बीएसएल-४ (सर्वांत कडक जैवसुरक्षेची लॅब) लागते.

रानवाट: विषाणू वाढवणं वेगळं, निदान वेगळं. लायसिस बफरमध्ये (विषाणू फोडणाऱ्या द्रावणात) नमुना नीट मिसळला की विषाणू निष्क्रिय होतो, पुढचं काम बीएसएल-२ या साध्या लॅबमध्ये होतं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे छोटं पीसीआर यंत्र निपाहसाठी वापरायला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) केरळला २०२३ मध्ये परवानगी दिली, ती याच आधारावर. खरा धोका कुपीचं झाकण उघडताना असतो. ते काम जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करायचं, हातमोज्यांचे दोन जोड घालून.

शीतपेटी: तुम्ही दोघंही नमुन्याबद्दल बोलतच नाही! घशातला स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात), ५ मिली रक्त, १० मिली लघवी आणि शक्य असेल तर मणक्यातलं पाणी, एवढं सगळं हवं. घाईत नुसता स्वॅब जातो, तोही जिभेवरून फिरवलेला. झाकणाला पॅराफिल्मची सीलपट्टी नाही म्हणून कुपी गळते, किंवा बर्फाच्या पिशव्या वाटेतच वितळतात आणि २ ते ८ अंश राहत नाही. अशा नमुन्याचा निगेटिव्ह मला खोट्या पॉझिटिव्हपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. पहिल्या दिवसांत रक्तात आयजीएम प्रतिपिंडंही सापडतीलच असं नाही.

कुपी: नमुन्याचं पटलं. पण विलगीकरण संशयावरच सुरू होतं, संपर्कितांवर २१ दिवस लक्ष ठेवलं जातं. मग जाहीर करायची घाई कशाला?

रानवाट: कारण यादीत तेच येतात, ज्यांची नावं कुणाला तरी आठवतात. रुग्णाला स्कॅनसाठी नेलं तेव्हा तिथल्या बाकावर बसलेला माणूस कुणाच्याच यादीत नसतो. बातमी ऐकली तरच तो स्वतःहून फोन करेल.